रत्नागिरीत भाड्याचं घर सोडताना घेतलेली ‘हँडओव्हर यादी’ सर्व्हिस, माझा अनुभव

आम्ही २७ एप्रिल २०२५ ला, रविवारी, रत्नागिरीतलं मांडवीजवळचं भाड्याचं घर सोडलं. डिपॉझिट ४०,००० होतं, त्यातले घराच्या नुकसानीपोटी २,३५० कापले गेले आणि ते का कापले हे मला आणि मालकांना दोघांनाही पटलं. मी बँकेत आहे, बदलीची नोकरी, आत्तापर्यंत चार भाड्याची घरं सोडलीत आणि वाद न होता सोडलेलं हे पहिलं घर, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

तर सर्व्हिस अशी आहे की मारुती मंदिरच्या बाजूला एक छोटं ऑफिस आहे, एक दादा आणि एक ताई मिळून चालवतात, त्यांचं मूळ काम लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला द्यायच्या कराराची, ऑनलाइन नोंदणी, घरी येऊन फोटो आणि अंगठे घेऊन जातात ना ते. त्याच्या जोडीला ते घर ताब्यात घेताना आणि सोडताना घरातल्या सगळ्या वस्तूंची आणि घराच्या अवस्थेची यादी करून देतात, फोटोंसकट, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. घेताना १,२०० घेतले होते ते आम्ही आणि मालकांनी निम्मे निम्मे दिले, सोडताना १,५०० झाले तेही निम्मे. नाव टाकत नाहीये कारण यात मालकांच्या घरातल्या गोष्टी पण आल्यात आणि रत्नागिरीत कोणाचं घर ते दोन मिनिटांत कळतं.

आधी मला ही सर्व्हिस घ्यावीशी का वाटली ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. याच्या आधी आम्ही चिपळूणला होतो, तळमजल्याचं घर, २५,००० डिपॉझिट. २२ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल सगळ्यांना, वाशिष्ठीचं पाणी पहाटेपासून चढत गेलं आणि आम्ही मुलीला घेऊन वरच्या मजल्यावरच्यांकडे गेलो तेव्हा खालच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं, नंतर ते खिडकीच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर तो चिखल आम्ही काढला, मालक आले पण नाहीत. वर्षभराने बदली झाली तेव्हा मालक म्हणाले की भिंतींचा रंग गेलाय, लाइट फिटिंग खराब झालंय, दरवाजे फुगलेत, १४,००० कापले. मी म्हटलं अहो पूर आला होता, सगळ्या चिपळूणला माहितीये, तर म्हणे पुरानंतर वर्षभर तुम्ही राहिलात ना, पुराचं किती आणि तुमचं किती ते मला काय माहीत. आणि खरंच ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अग्रीमेंट स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं, नोंदणी नाही, वस्तूंच्या यादीत फक्त "पंखे ४, ट्यूब ५, गिझर १" एवढी एक ओळ. पुरानंतर तलाठी येऊन पंचनामा करून गेले होते त्याची कॉपी पण आम्ही घेतली नव्हती, घरातलं सगळं वाहून गेलेलं असताना कोणाला सुचतं कागद जपायचं. ते १४,००० गेले त्यापेक्षा जास्त मला हे लागलं की त्या घराचा चिखल मी माझ्या हाताने काढला होता आणि शेवटी नुकसान करणारी मीच ठरले.

म्हणून रत्नागिरीला आल्यावर मी आधीच ठरवलं होतं की काहीही झालं तरी पहिल्या दिवशी यादी.

ऑगस्ट २०२२ मध्ये, श्रावणात, आम्ही या घरात आलो. मालक काका-काकू डोंबिवलीला असतात, गणपतीला आणि मे महिन्यात येतात, बाकी वर्षभर चावी शेजारच्या वहिनींकडे. फ्लॅट अर्धा फर्निश्ड, म्हणजे दोन पलंग, दोन कपाटं, फ्रिज, गिझर, पंखे, डायनिंग टेबल. दादा आणि ताई आले तेव्हा बाहेर पाऊस धो धो, लाइट दोनदा गेले, आणि मला वाटलं की कशाला या पावसात यादी करायची, उघडीप मिळाली की करू. तर दादा म्हणाला, "ताई, पावसातच करायची. आत्ता भिंत कशी आहे ते आत्ताच दिसतंय, उन्हाळ्यात काय दिसणार नाय." तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. शेवटच्या दिवशी कळलं.

आपल्याकडे कोकणात हा प्रश्नच वेगळा आहे बघा. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर चार महिन्यांत. घर मार्च-एप्रिलमध्ये बघितलं, नुकता रंग दिलेला असला, की भिंत इतकी छान दिसते की कोणाला शंका येत नाही, आणि मग मृग लागला की आठ दिवसांत ओल वर येते. तुम्ही एप्रिलमध्ये ताबा घेतला आणि ऑगस्टमध्ये सोडलं तर सगळी ओल तुमच्या नावावर. उलट पावसात घेतलंत आणि उन्हाळ्यात सोडलंत तर तुमची बाजू भक्कम. त्यामुळे उन्हाळ्यात घर घेणाऱ्यांनी पहिल्या पावसात, जुलैच्या सुमाराला, परत एकदा भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवावेत आणि त्यांच्याकडून नुसतं "ओके, बघितलं" असं तरी घ्यावं. हे मला ताईंनी सांगितलं आणि मी ते आता सगळ्यांना सांगते.

आता चेकआउटचा दिवस. सामान जवळजवळ सगळं बांधून झालेलं, भांडी आंब्याच्या पेट्यांमध्ये पेंढा घालून भरलेली, टेम्पो दुपारी यायचा होता. दादा आणि ताई ११ ला येणार होते ते १ वाजता आले, त्याबद्दल खाली लिहिते. काका-काकू व्हिडिओ कॉलवर, वहिनी प्रत्यक्ष हजर, त्या साक्षीदार म्हणून सही करणार होत्या. ताईंच्या हातात २०२२ च्या यादीची प्रिंट आणि दादाच्या हातात टॅब, त्यात जुने फोटो. पद्धत अशी की दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताने सुरुवात करायची आणि भिंत धरून फिरत परत दारात यायचं, प्रत्येक खोलीत तसंच, मग मधल्या वस्तू, मग छत. जुना फोटो उघडायचा, त्याच जागी उभं राहून नवीन काढायचा. ऐकायला साधं वाटतं पण त्यामुळे काही सुटत नाही आणि मुख्य म्हणजे कोणी मध्येच "आणि ते तिकडचं काय" असं म्हणून उड्या मारू शकत नाही.

वादाचा पहिला विषय अर्थात भिंत. बेडरूमची समुद्राकडची भिंत, खिडकीच्या खाली रंगाचे पोपडे निघालेले आणि पिवळट डागाची मोठी कड. काकूंनी लगेच धरलं की आम्ही दिलं तेव्हा रंग नवा होता, तुम्ही पावसाळ्यात कपडे आत वाळत घातलेत म्हणून भिंत खराब झाली. आता कपडे तर मी घातलेच होते आत वाळत, चार महिने बाहेर घालणार कुठे, कोकणात कोण घालत नाही, पण तेवढ्याने मी गप्प झाले, कारण चिपळूणला पण असंच झालं होतं, एक खरी गोष्ट धरून त्यावर सगळं चढवायचं. दादाने काही वाद घातला नाही. टॅबवर ऑगस्ट २०२२ चा फोटो काढला. त्याच खिडकीचा खालचा डावा कोपरा, ओली काळपट भिंत, आणि त्या डागाला लावलेली स्टीलची टेप, ४० सेंटिमीटर, आकडा स्पष्ट दिसत होता. मग आत्ताच्या डागाला टेप लावली, ९५. मग तो बाल्कनीत गेला, स्टुलावर चढला आणि खिडकीवरचा छज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे बोट ठेवलं, तिथे बोटाचं नख आत जाईल एवढी फट, आणि फोन तिकडे धरून म्हणाला, "काकू, पाणी हितून शिरतंय. कपड्यांची ओल अशी एका कोपऱ्यातून खाली उतरत नाय, ती सगळीकडे पसरते." आमची बिल्डिंग जांभ्या चिऱ्याची, वरून सिमेंटचा गिलावा, आणि चिरा सच्छिद्र असतो, एकदा गिलाव्याला फट पडली की आत पाणी धरून ठेवतो. काका म्हणाले बरोबर आहे, हा छज्जा मी दोन वर्षं करीन करीन म्हणतोय. विषय संपला. त्या एका टेपच्या फोटोने संपला. नुसता "भिंतीला ओल आहे" असं लिहिलं असतं ना, तर आज काकू म्हणाल्या असत्या की तेव्हा थोडी होती, वाढवली तुम्ही, आणि मी काय बोलणार होते.

पण मला या माणसावर खरा विश्वास बसला तो पुढच्या खोलीत. तिथलं कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर काळे बारीक ठिपके, बुरशी, कपाटाच्या आकाराएवढ्या जागेत. मी आपलं म्हटलं ही पण बाहेरची ओल. तर दादा माझ्याकडे बघून सरळ म्हणाला, "नाय ताई, ही आतली. या भिंतीच्या पलीकडे वहिनींचा हॉल आहे, बाहेरची भिंतच नाय ही. कपाट चिकटवून ठेवलंत, वारा लागला नाय." खरं होतं. जुन्या फोटोत कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे होतं, आम्हीच ते मागे ढकललं होतं, मुलीचं टेबल बसावं म्हणून. त्याने ओल्या फडक्याने एक हात फिरवला, ठिपके निघाले, रंगाला धक्का नव्हता, यादीत "पुसून निघणारी बुरशी, भाडेकरूने जागेवर पुसली" असं लिहिलं आणि मी तिथेच बादली आणून सगळी भिंत पुसली. पैसे कापले नाहीत. जो माणूस माझ्या बाजूने बोलतो तोच माझ्या विरुद्ध पण तेवढ्याच सरळपणे बोलतो हे बघितल्यावर पुढे मी एकदाही वाद घातला नाही, आणि मला वाटतं काकूंनी पण त्याच कारणाने नाही घातला.

फ्रिज. समुद्र आमच्यापासून पाच मिनिटांवर, खारा वारा सगळ्या लोखंडाला खातो, ग्रिल, बिजागऱ्या, पंख्याची पाती, काही सुटत नाही. फ्रिजच्या दाराच्या खालच्या कडेला तळहाताएवढा गंज, पत्रा पापडीसारखा सुटलेला. काकू म्हणाल्या पाणी सांडून पुसलं नसणार. जुना फोटो उघडला, दाराच्या त्याच कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी ठिपका. म्हणजे सुरुवात आधीच झालेली. ताईंनी "गंज, आधीपासून असलेला, हवेमुळे वाढलेला" असं लिहिलं आणि फ्रिज चालू करून आत हात घालून थंड होतोय ते बघितलं, बर्फाचा खण, दाराचं रबर, आतला दिवा. रबर मी दर महिन्याला पुसायचे ते तसंच मऊ होतं, ते पण त्यांनी चांगलं म्हणून लिहिलं. चांगल्या अवस्थेतल्या गोष्टी पण लिहितात हे मला फार आवडलं.

ओट्याची गंमत म्हणजे, कडेला एक टवका उडालेला, खवणी लावायचे त्या जागी, आणि मी मनात धरूनच चालले होते की हा माझ्याच नारळ खवण्याने उडाला, पैसे द्यायचे. मी स्वतःच दाखवला. ताईंनी जुना फोटो काढला तर टवका आधीच होता, आकार पण तोच. तीन वर्षं मी ते स्वतःचं समजत होते.

माझे जे पैसे गेले ते असे: हॉलच्या स्लायडिंग खिडकीची एक काच तडकलेली, मुलीच्या बॉलने, ९०० रुपये. लॅचच्या तीन चाव्या घेतल्या होत्या त्यातली एक हरवली, त्यामुळे लॅचचं सिलिंडर बदलायचे ६५०. आणि बाल्कनीत झड अडवायला आम्ही पावसाळी पडदा लावला होता त्याच्या हुकांसाठी ड्रिल मारलेली आठ भोकं, ती भरून रंगाचा हात मारायचे ८००. या तीन गोष्टींना काचवाल्याचा आणि मिस्त्रीचा भाव त्यांनी तिथेच फोन स्पीकरवर टाकून विचारला, काकांनी पण ऐकला. अंदाजपंचे आकडा नाही. चिपळूणला १४,००० कशाचे झाले ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, इथे २,३५० मधला रुपया न् रुपया कळला.

बाकी नळ, फ्लश, दिवे, कड्या, सगळं पटापट झालं.

मीटरचं मात्र नीट सांगते कारण इथे खूप जण फसतात. महावितरणचं बिल महिना उलटून येतं, त्यामुळे तुम्ही घर सोडता तेव्हा शेवटच्या वापराचं बिल आलेलंच नसतं. मग मालक डिपॉझिट अडकवून ठेवतात, बिल येऊ दे मग बघू, आणि मग ते "बघू" दोन-दोन महिने चालतं. यांनी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, मीटर नंबर दिसेल असा, त्यातून शेवटच्या बिलावरचं रीडिंग वजा करून युनिट काढले, मागच्या उन्हाळ्यातल्या बिलांवरून अंदाज बांधला आणि २,००० रुपये धरून ठेवायचे ठरवले, बिल आलं की हिशोब. बाकीचे ३५,६५० काकांनी कॉल चालू असतानाच यूपीआयने पाठवले. ४०,००० वजा २,३५० वजा २,०००. मी बँकेत काम करते पण तो मेसेज आला तेव्हा हात थोडा थरथरला माझा, खरं सांगते.

शेवटी ताबा पावती. अमुक तारखेला, इतक्या वाजता, इतक्या चाव्या, रिकाम्या घराचा ताबा मालकांच्या वतीने वहिनींनी घेतला, सही. हा कागद भाडेकरूसाठी किती महत्त्वाचा आहे ते ताईंनी समजावलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, त्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते. आमची मुदत ३० एप्रिलला संपत होती. आपण २७ ला निघून गेलो आणि चावी नुसती शेजारी ठेवली, आणि मालक म्हणाले मला ताबा मिळालाच नाही, तर आपल्याकडे दाखवायला काय? चावी देणं आणि ताबा देणं यात एवढा फरक आहे हे मला चार घरं सोडून झाल्यावर कळलं.

आणि त्याच कायद्याचं कलम ५५, ते तर प्रत्येक भाडेकरूला पाठ असायला हवं. अग्रीमेंट लेखी आणि नोंदणी केलेलं असलं पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती केली नाही तर ज्या अटींवर घर दिलं त्याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मला हे चिपळूणला माहीत असतं तर मी निदान उभी राहून बोलले असते. नोंदणीचा खर्च काही फार नसतो, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी व्याज पण धरतात, आणि शहर हद्दीत नोंदणी फी १,०००. आपल्यासारख्यांच्या भाड्यावर शुल्क काही शे रुपयेच येतं.

पुराचं पण विचारलं मी त्यांना, इतकी वर्षं मनात होतं. तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यासाठी स्पष्ट आहे की घर जसं घेतलं तसं परत करायचं, पण नेहमीच्या वापराची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती सोडून. पूर म्हणजे तेच की. फक्त लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नसतो, वेगळा प्रकार असतो, म्हणून ताई म्हणाल्या की हे वाक्य आपल्या अग्रीमेंटमध्येच घालून घ्यायचं: नैसर्गिक झीज, हवामान आणि आपत्तीमुळे झालेलं नुकसान भाडेकरूकडून वसूल होणार नाही. कोकणात तर हवंच. निसर्ग वादळ जून २०२० मध्ये आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये, त्याच जुलैत चिपळूण-महाडचा पूर. एवढं सगळं एका भाड्याच्या मुदतीत होऊ शकतं. २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा आहे त्यात कोणी काय दुरुस्त करायचं याची यादीच दिलीय, भिंतींचा रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, स्विच, गिझरची दुरुस्ती, काचा, कड्या-कुलपं भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण अग्रीमेंट करताना वाटणी कशी लिहायची याचा नमुना म्हणून ती यादी एकदा वाचाच.

आता यांचं काय आवडलं नाही. एक तर दोन तास उशीर, फोन पण उचलला नाही, टेम्पोवाला खाली उभा, उन्हाने जीव चाललेला, आणि आल्यावर दुसऱ्या हँडओव्हरला वेळ लागला एवढंच सांगितलं. घर सोडायच्या दिवशी माणूस आधीच टेकीला आलेला असतो, तेव्हा निदान एक मेसेज करायला पाहिजे होता. दुसरं, अंतिम यादीची पीडीएफ इंग्रजीत. वहिनींनी सही केली पण त्यांना वाचता येईना, मग ताईंनी एकेक ओळ मराठीत सांगितली, ते चांगलं केलं, पण ज्या कागदावर लोक सही करतात तो त्यांना वाचता आलाच पाहिजे, यात तडजोड नको. मी त्यांना तसं सांगितलंय. तिसरं, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात त्यामुळे बारीक होतात, टेपचे आकडे अस्पष्ट होतात, मी मागून घेतले तेव्हा ड्राइव्हची लिंक दिली, ती आपणहून द्यायला हवी. चौथं, गिझर चालवून बघितला नाही कारण धुण्यापुसण्यात टाकी संपलेली, आणि गच्चीवरची टाकी, पंप हे यांच्या यादीतच नाही. ज्यांच्या घराला स्वतःची विहीर किंवा बोअरचा पंप आहे त्यांनी तो मुद्दाम लिहून घ्या, पंप जळाला की चार आकडी खर्च असतो.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली की ५०० रुपयांत ते पंधरा दिवस आधी येऊन नुसतं बघून जातात आणि काय काय दुरुस्त करून घ्या ते सांगतात. मी ती घेतली असती तर काच मी आधीच कमी खर्चात बसवली असती आणि बाल्कनीची भोकं पुट्टी आणून आमच्या ह्यांनी भरली असती. ते त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही घेणार असाल तर स्वतः विचारा.

पाचपैकी चार स्टार देतेय, एक स्टार उशिराचा आणि इंग्रजी पीडीएफचा.

मालकांसाठी पण सांगते, खास करून मुंबईत राहणाऱ्या आपल्या चाकरमान्यांसाठी, ज्यांचं इथे घर आहे आणि भाडेकरू कसा ठेवतोय ते बघायला येता येत नाही. काकांना त्या दिवशी छज्ज्याच्या फटीतून पाणी आत शिरतंय हे कळलं, ती आणखी दोन पावसाळे तशीच राहिली असती तर आतली सळई गंजून स्लॅबपर्यंत गेली असती. काकांनी मे महिन्यात येऊन ती बुजवून घेतली आणि नव्या भाडेकरूंची यादी पण याच दोघांकडून करून घेतली, त्यात त्या भिंतीसमोर "दुरुस्त केली, पहिल्या पावसात पुन्हा बघणे" असं लिहिलंय, वहिनींनी मला फोटो पाठवला.

कोल्हापूरला आलो तेव्हा अशी सर्व्हिस काही मिळाली नाही, मग मीच केलं, मुलीच्या हातात टेप, माझ्या हातात फोन, दारातून उजवीकडून सुरुवात. नवीन मालकीणबाई आधी जरा बिचकल्या, एवढं काय बघताय म्हणाल्या, मग स्वतःच माळ्यावरची गळती दाखवून म्हणाल्या हे पण लिहा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीहून काकांचा मेसेज आला, बिलाचा फोटो, १,८६० रुपये, आणि खाली उरलेले १४० यूपीआयने पाठवलेले.